ट्रान्झिस्टरने एलईडी चालू-बंद करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिप्लोमाचे प्रोजेक्ट, शाळेतली विज्ञान प्रदर्शनं, गणपतीची आरास आणि दिवाळीचे आकाशकंदील या निमित्ताने जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. वेगळं काही सांगितलं नसेल तिथे ट्रान्झिस्टर बीसी ५४७, कंट्रोलर (प्रोग्रामने पिना चालू-बंद करणारा बोर्ड) आर्डुइनो युनो आणि पिनचं व्होल्टेज ५ व्होल्ट असं धरा.

१. एलईडी थेट आर्डुइनोच्या पिनला जोडला तरी छान लागतो. मग मध्ये ट्रान्झिस्टर कशाला?

एकच साधा ५ मिमीचा एलईडी असेल तर ट्रान्झिस्टर नकोच. एक रेझिस्टर लावा आणि पुढच्या कामाला लागा.

गरज पडते ती तीन वेळा. पहिली, करंट जास्त हवा असेल तेव्हा. युनोवरच्या एटमेगा ३२८पी चिपच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअर निवांत घेता येतात. ४० ही शेवटची मर्यादा आहे, तिथे रोज राहायचं नसतं. शिवाय सगळ्या पिनांचा मिळून एकूण करंट २०० मिलिअँपिअरच्या आत ठेवावा लागतो. हे लोक विसरतात आणि दहा-बारा एलईडी थेट लावून बसतात. दुसरी वेळ, व्होल्टेज जास्त हवं असेल तेव्हा: १२ व्होल्टची एलईडी पट्टी ५ व्होल्टच्या पिनवर लागणारच नाही. तिसरी, कंट्रोलर युनोपेक्षा नाजूक असेल तेव्हा. ईएसपी ८२६६ ची पिन १२ मिलिअँपिअरपर्यंतच धरावी. रास्पबेरी पायची १६ पर्यंत, आणि दोन्ही ३.३ व्होल्टवर चालतात.

२. बीसी ५४७ चे तीन पाय कसे ओळखायचे?

सपाट बाजू, म्हणजे नंबर छापलेली बाजू, आपल्याकडे आणि पाय खाली. आता डावीकडून उजवीकडे कलेक्टर, बेस, एमिटर.

हा क्रम बीसी ५४७, बीसी ५५७ आणि बीसी ३३७ साठीच पाठ करा. दिसायला हुबेहूब तसाच असलेला २एन३९०४ याच बाजूने एमिटर, बेस, कलेक्टर असतो. सी१८१५ मध्ये तर एमिटर, कलेक्टर, बेस. सगळ्यात वाईट खोडी २२२२ ची: पीएन२२२२ए आणि पी२एन२२२२ए ही नावं जवळपास सारखी, पण पायांचा क्रम एकमेकांच्या उलट. नंबर नीट वाचा आणि त्याच नंबरची डेटाशीट, म्हणजे बनवणाऱ्याचं माहितीपत्रक, उघडा.

मल्टिमीटरवर खात्री करायची असेल तर मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. लाल प्रोब ज्या पायावर ठेवल्यावर उरलेल्या दोन्ही पायांकडे ०.६ ते ०.७ असा आकडा येतो, तो एनपीएनचा (बेस एमिटरच्या वर नेल्यावर चालू होणारी जात, बीसी ५४७ त्यातलाच) बेस. त्या दोन आकड्यांपैकी किंचित मोठा आकडा एमिटरकडचा.

कलेक्टर-एमिटर उलटे लागले तर काय होतं, असंही विचारतात. गंमत म्हणजे ट्रान्झिस्टर तरीही थोडाफार चालतो! फक्त त्याची करंट वाढवायची ताकद अगदी नाममात्र उरते आणि एलईडी मंद लागतो. माणूस मग रेझिस्टर बदलत बसतो आणि दोष असतो पायांच्या क्रमात.

३. पूर्ण जोडणी एकदा शब्दांत सांगाल का?

सप्लायच्या प्लसपासून सुरुवात करा. प्लस, मग रेझिस्टर, मग एलईडीचा लांब पाय. एलईडीचा आखूड पाय कलेक्टरला. एमिटर थेट मायनसला. आर्डुइनोच्या पिनपासून दुसरा रेझिस्टर आणि तो बेसला. शेवटी आर्डुइनोचा ग्राउंड आणि सप्लायचा मायनस एकत्र.

यात दोन वेगळे रस्ते आहेत. प्लसपासून कलेक्टर-एमिटरमधून मायनसकडे जाणारा मोठा रस्ता एलईडीचा, आणि पिनपासून बेस-एमिटरमधून मायनसकडे जाणारा छोटा रस्ता हुकूम देणारा. दोन्हींचे रेझिस्टर वेगवेगळे आणि दोन्हींचं गणित वेगवेगळं. पुढचे दोन प्रश्न त्याचेच आहेत.

४. एलईडीच्या बाजूचा रेझिस्टर किती ओहमचा?

सप्लायच्या व्होल्टेजमधून एलईडीचं व्होल्टेज वजा करा, ट्रान्झिस्टरवर पडणारे ०.२ व्होल्ट वजा करा आणि उरलेल्याला हव्या त्या करंटने भागा.

लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, पिवळाही त्याच्या आसपास. निळा आणि पांढरा ३ ते ३.४. हिरव्याचं मात्र विचारून घ्या: जुन्या पद्धतीचा पोपटी हिरवा २.१ च्या जवळ असतो आणि हल्लीचा गडद, डोळ्यांत भरणारा हिरवा निळ्यासारखा ३ च्या वर.

५ व्होल्टवर एक लाल एलईडी १५ मिलिअँपिअरने लावायचा आहे. ५ वजा २ वजा ०.२ म्हणजे २.८. भागिले ०.०१५ म्हणजे साधारण १८७. बाजारात मिळणारा त्याच्या वरचा आकडा २२० ओहम, तो घ्या. करंट १३ वर येईल आणि डोळ्याला फरक कळणारही नाही. आजचे एलईडी इतके तेजस्वी असतात की घरातल्या सजावटीला ५ मिलिअँपिअरही पुष्कळ होतात. २० हा आकडा गाठलाच पाहिजे असा नियम नाही.

५. आणि बेसचा रेझिस्टर? कुणी १ के सांगतं, कुणी १० के, कुणी ४.७ के.

तिघंही आपापल्या सर्किटपुरते बरोबर असतील (१ के म्हणजे १००० ओहम). हा आकडा एलईडीच्या बाजूला किती करंट हवा आहे त्यावर ठरतो.

स्विच म्हणून वापरताना ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण बंद हवा किंवा पूर्ण चालू. पूर्ण चालू, म्हणजे सॅच्युरेशनमध्ये, नेण्यासाठी बेसला मोजून-मापून करंट देऊन भागत नाही, सढळ हाताने द्यावा लागतो. हिशेब असा: कलेक्टरच्या करंटला १० ते २० ने भागा, तेवढा बेसला द्या.

समजा, चार एलईडी मिळून ८० मिलिअँपिअर लागतात. २० ने भागल्यावर ४ मिलिअँपिअर. पिनवर ५ व्होल्ट, बेस-एमिटरमध्ये ०.७ जातात, उरले ४.३. भागिले ०.००४ म्हणजे १०७५ ओहम. १ के लावा. तिथे १० के लावला असता तर बेसला जेमतेम ०.४३ मिलिअँपिअर मिळाले असते. म्हणजे ८० मिलिअँपिअरसाठी ट्रान्झिस्टरने करंट जवळपास १९० पट करून द्यायला हवा. एखादा नग देईल, एखादा नाही देणार.

एकच एलईडी २० मिलिअँपिअरने लावायचा असेल तर २.२ के पुरे. ३.३ व्होल्टच्या कंट्रोलरला उरतात फक्त २.६ व्होल्ट, तेव्हा ८० मिलिअँपिअरसाठी ५६० ओहम घ्या.

६. पण माझ्या बीसी ५४७ चा एचएफई (बेसच्या करंटच्या किती पट कलेक्टरचा करंट, तो आकडा) मीटरवर ३०० दाखवतो. मग तुम्ही २० ने का भागता? करंट वाया नाही का जात?

हा प्रश्न हुशार विद्यार्थ्यांकडून येतो आणि बहुतेक पाठ्यपुस्तकांत याचं उत्तर एका ओळीत उरकलेलं असतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

मीटर जो ३०० दाखवतो तो ट्रान्झिस्टर अर्धवट चालू असतानाचा आकडा आहे. त्या वेळी कलेक्टर-एमिटरमध्ये चांगले काही व्होल्ट शिल्लक असतात. ॲम्प्लिफायर बनवणाऱ्याला तोच आकडा हवा असतो. स्विच बनवणाऱ्याला ते व्होल्टेज ०.२ पर्यंत खाली आणायचं असतं, आणि तिथे पोहोचेपर्यंत एचएफई ढासळतो. बीसी ५४७ ची डेटाशीट पाहा. सॅच्युरेशनचं व्होल्टेज तिथे १० मिलिअँपिअर कलेक्टर आणि ०.५ मिलिअँपिअर बेस, तसंच १०० आणि ५ अशा जोड्यांवर दिलेलं आहे. दोन्हींत प्रमाण २० च. बनवणारा स्वतः २० च्या पलीकडची हमी देत नाही, तर आपण का घ्यावी?

दुसरं, हा आकडा नगागणिक बदलतो. बीसी ५४७ए म्हणजे ११० ते २२०, बी म्हणजे २०० ते ४५०, सी म्हणजे ४२० ते ८००. सुट्या घेतलेल्या दहा नगांत कोणती सरमिसळ असेल सांगता येत नाही. हातातल्या नगाच्या ३०० वर बेतलेलं सर्किट पुढच्या नगावर मंद लागेल. थंडीत एचएफई आणखी घसरतो, म्हणजे मे महिन्यात टेबलावर चाललेला आकाशकंदील दिवाळीतल्या पहाटे रुसू शकतो.

वाया जाण्याबद्दल म्हणाल तर ४ मिलिअँपिअर जातात. बॅटरीवर वर्षभर चालणारं काही बनवत असाल तर ते खुपतील, तिथे सरळ मॉस्फेट, म्हणजे करंटऐवजी व्होल्टेजवर चालणारा ट्रान्झिस्टर, वापरा (प्रश्न १३).

७. बेसला रेझिस्टर लावलाच नाही तरी चालतंय की!

आज चालतंय. बेस-एमिटर हा आतून डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) आहे आणि तो पिनला ०.७ च्या आसपास खाली खेचून धरतो. पिन ५ व्होल्टवर जायची धडपड करते आणि करंट अडवायला मध्ये कुणीच नाही. कंट्रोलरची पिन किंवा ट्रान्झिस्टर, कोण आधी जाईल तेवढाच प्रश्न.

८. एलईडी कलेक्टरऐवजी एमिटरच्या बाजूला लावला तर काय फरक पडतो? लागतो तर आहे.

लागतो, पण मंद, आणि पिन कितीही सरळ ५ व्होल्ट देत असली तरी. एमिटर नेहमी बेसच्या ०.७ खाली राहतो. बेसवर ५ व्होल्ट म्हणजे एमिटरवर फार तर ४.३. सप्लाय १२ व्होल्टचा असला तरीही ४.३ च! उरलेले ७.७ व्होल्ट ट्रान्झिस्टर स्वतःवर घेतो. ८० मिलिअँपिअर वाहत असतील तर ०.६ वॉटच्या वर उष्णता झाली, आणि बीसी ५४७ ची सहनशक्ती साधारण अर्ध्या वॉटची. १२ व्होल्टच्या पट्टीतले तीन पांढरे एलईडी ९ व्होल्टच्या वर गेल्याशिवाय उजळत नाहीत, म्हणजे ती या जोडणीत लागणारच नाही.

ब्रेडबोर्डवर पाय मोजताना एक भोक चुकलं की ही जोडणी नकळत होते. एमिटर ते मायनस या तारेत दुसरं काहीही नको.

९. एलईडी लागतच नाही. कुठून तपासायला सुरुवात करू?

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, पिन हाय (५ व्होल्टवर) करा आणि काळा प्रोब एमिटरवर टेकवा.

आधी बेस मोजा. ०.७ च्या आसपास आला तर हुकूम पोहोचला. शून्य आला तर पिन, कोड किंवा बेसची तार पाहा. दोन-तीन व्होल्ट किंवा थेट ५ आले तर बेस-एमिटर जळून आतून तुटलेलं आहे किंवा पाय चुकलेत.

मग कलेक्टर. ०.२ च्या खाली आणि एलईडी तरीही बंद, तर ट्रान्झिस्टर आपलं काम करतोय. एलईडी उलटा आहे किंवा गेलेला आहे. एक ते चार व्होल्टच्या मधला कुठलाही आकडा म्हणजे ट्रान्झिस्टर अर्धवट चालू आहे, बेसचा रेझिस्टर कमी करा. दोन सप्लाय वापरत असाल आणि आकडे विचित्र नाचत असतील तर आधी पुढचा प्रश्न वाचा.

१०. १२ व्होल्टची एलईडी पट्टी आर्डुइनोने चालवायची आहे. १२ व्होल्ट परत पिनमध्ये शिरून बोर्ड जळणार नाही ना?

जोडणी प्रश्न ३ प्रमाणे असेल तर नाही. बेसवर फार तर ०.७ असतात, १२ व्होल्ट कलेक्टरपाशी थांबतात.

इथली खरी अडचण ग्राउंडची. पट्टीचा ॲडॉप्टर वेगळा, आर्डुइनो लॅपटॉपवर आणि दोघांचे मायनस जोडलेलेच नाहीत, हा सगळ्यात जास्त आढळणारा दोष आहे. बेसमधून गेलेल्या करंटला पिनच्या ग्राउंडकडे परत यायला वाट लागते. ती नसेल तर ट्रान्झिस्टरला हुकूम मिळतच नाही. दोन्ही मायनस जोडा. दोन्ही प्लस चुकूनही जोडू नका.

दुसरी गोष्ट, पट्टी किती करंट खाते ते आधी बघा. मीटरला ६० एलईडी असलेली ५०५० जातीची पट्टी मीटरमागे १४.४ वॉट घेते, म्हणजे १.२ अँपिअर. पाच मीटरचं पूर्ण रीळ ६ अँपिअर. बीसी ५४७ ची मर्यादा ०.१ अँपिअर. ३५२८ जातीची पट्टी मीटरला ०.४ अँपिअर घेते, तरी तीसुद्धा बीसी ५४७ च्या आवाक्याबाहेर. पर्याय प्रश्न १२ आणि १३ मध्ये आहेत.

११. ट्रान्झिस्टर हात लावू देत नाही इतका तापतो. हीटसिंक लावू?

आधी कारण शोधा. बीसी ५४७ च्या स्विचला हीटसिंक लागतोय याचा अर्थ कुठेतरी गडबड आहे.

उष्णता म्हणजे कलेक्टर-एमिटरमधलं व्होल्टेज गुणिले करंट. पूर्ण चालू असताना ०.२ गुणिले ८० मिलिअँपिअर, म्हणजे १६ मिलिवॉट. बोटाला कळणारही नाही. पूर्ण बंद असताना करंटच नाही, उष्णताही नाही. पण १२ व्होल्टच्या सर्किटमध्ये ट्रान्झिस्टर अर्धवट चालू राहिला, त्याच्यावर ६ व्होल्ट उरले आणि ८० मिलिअँपिअर वाहिले, तर ४८० मिलिवॉट झाले. या आकाराच्या प्लास्टिकच्या ट्रान्झिस्टरचं तापमान वॉटमागे २०० अंशांहून जास्त चढतं. अर्धा वॉट म्हणजे आतमध्ये खोलीच्या तापमानाच्या वर शंभर अंश.

तेव्हा कलेक्टरचं व्होल्टेज मोजा. ते ०.३ च्या वर असेल तर बेसचा रेझिस्टर मोठा आहे, जोडणी एमिटरच्या बाजूने झाली आहे (प्रश्न ८) किंवा ट्रान्झिस्टरच्या कुवतीबाहेरचं ओझं त्याच्यावर आहे.

१२. पुस्तकात एसएल १०० लिहिलाय, दुकानदार बीसी ५४७ देतो. कोणता घेऊ?

एसएल १०० हा आपल्याकडच्या प्रॅक्टिकलच्या वह्यांत अजून जिवंत आहे. गोल पत्र्याच्या डबीतला, बाहेर आलेल्या छोट्या जिभेजवळचा पाय एमिटर. कॉलेजच्या ड्रॉवरमध्ये सापडला तर जरूर वापरा, पण मुद्दाम शोधत फिरू नका.

१०० मिलिअँपिअरपर्यंत, खरं तर ७०-८० पर्यंतच, बीसी ५४७. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला तो मूठभर सुटे मिळतो, दहा-वीस घेऊन ठेवावेत. त्याच्या वर काही शे मिलिअँपिअरपर्यंत बीसी ३३७ किंवा २२२२. २२२२ साठच्या दशकापासून बाजारात आहे आणि अजून हटलेला नाही. अर्ध्या अँपिअरच्या पुढे बीडी १३९ ची मर्यादा १.५ अँपिअर आहे, पण तेवढ्यासाठी बेसला शंभर-दीडशे मिलिअँपिअर लागतील आणि ते पिन देऊ शकत नाही. म्हणजे त्याला चालवायला आणखी एक ट्रान्झिस्टर आला. तिथे पोहोचलात की सरळ मॉस्फेटकडे वळा.

टिप १२२ हा डार्लिंग्टन बऱ्याच व्हिडिओंत दिसतो. त्यात दोन ट्रान्झिस्टर एकात एक असल्याने बेसला थोडकाच करंट पुरतो, हे खरं. पण पूर्ण चालू असतानाही त्याच्यावर एक ते दोन व्होल्ट पडतात. ३ अँपिअरवर ६ वॉटपर्यंत उष्णता आणि १२ व्होल्टच्या पट्टीला मिळणार दहा-अकरा. माझ्या मते पट्ट्यांसाठी आता त्याला निवृत्त करावं.

१३. मॉस्फेट लावला, आयआरएफझेड ४४एन. ४९ अँपिअरचा म्हणे, तरी पट्टी मंद आणि तो गरम. असं का?

कारण तो ५ व्होल्टने पूर्ण उघडत नाही. बेससारखा याचा गेट (हुकूम घेणारा पाय) करंट खात नाही, पण व्होल्टेज पुरेसं मागतो. डेटाशीटमध्ये थ्रेशोल्ड २ ते ४ व्होल्ट दिसतं आणि लोकांना वाटतं, ५ दिले म्हणजे झालं. थ्रेशोल्ड म्हणजे मॉस्फेट नुकता कुठे झिरपू लागतो ते व्होल्टेज, मिलिअँपिअरच्याही चौथ्या हिश्श्याला. त्याच डेटाशीटमध्ये कमी रोधाचा जो छान आकडा असतो, १७.५ मिलिओहम, तो गेटला १० व्होल्ट दिल्यावरचा.

तुम्हाला हवा आहे आयआरएलझेड ४४एन. मधलं एक अक्षर वेगळं. तो लॉजिक लेव्हलचा आहे, गेटला ५ व्होल्ट दिल्यावर जास्तीत जास्त २५ मिलिओहम. ६ अँपिअरची पट्टी त्याच्यावर टाकली तर ०.९ वॉट उष्णता होते. गरम लागेल, छोटासा हीटसिंक लावला की बास. काउंटरवर ‘दोन्ही एकच’ असं सांगितलं जातं, तेव्हा हातात घेऊन नंबर वाचा.

३.३ व्होल्टच्या ईएसपी किंवा पायसाठी मात्र आयआरएलझेड ४४एन चीही खात्री देता येत नाही, त्याची डेटाशीट ४ व्होल्टच्या खालची हमी देत नाही. ज्याच्या डेटाशीटमध्ये रोधाचा आकडा २.५ व्होल्टला दिलेला आहे असाच मॉस्फेट निवडा.

गेट आणि पिनच्या मध्ये १०० ते २२० ओहम, आणि गेट ते मायनस १० के. दुसरा का, ते पुढे.

१४. पिन बंद केली तरी एलईडी अंधारात मिणमिणतो. कधी बोर्ड चालू होताना क्षणभर भपकन लागतो.

दोन्हींचं मूळ बहुधा एकच. बोर्ड चालू होताना, किंवा कोडमध्ये पिन आउटपुट म्हणून जाहीर केलेली नसताना, पिन अधांतरी असते. मॉस्फेटचा गेट तर इतका हलका की जवळून बोट फिरलं तरी उघडतो. बेस किंवा गेट ते मायनस असा १० के लावा, हुकूम नसताना तो त्यांना शून्यावर धरून ठेवेल.

१० के असूनही मिणमिणत असेल तर दमट हवेत पीसीबीवर राहिलेला सोल्डरिंगचा फ्लक्स तपासा. हल्लीचे पांढरे एलईडी मायक्रोअँपिअरमध्येही अंधारात दिसतात. कोकणातल्या पावसाळ्यात स्पिरिटने बोर्ड पुसूनच पुष्कळ तक्रारी मिटतात. आणि ट्रान्झिस्टर पीएनपी (बेस एमिटरच्या खाली ओढल्यावर चालू होणारी उलटी जात) असेल तर गोष्टच निराळी आहे, ती खाली.

१५. पीएनपी ट्रान्झिस्टरने १२ व्होल्टची पट्टी प्लसच्या बाजूने तोडायची आहे. चालू होते, बंद होतच नाही!

होणारही नाही. पीएनपीचा एमिटर १२ व्होल्टवर आहे. तो बंद व्हायला बेसही १२ च्या जवळ जायला हवा. तुमची पिन हाय झाली तरी ५ वरच, म्हणजे एमिटरच्या ७ व्होल्ट खाली, आणि पीएनपीच्या लेखी हा ‘चालू’चाच हुकूम. वर १२ व्होल्टकडून करंट बेसमधून उलटा पिनमध्ये शिरतो. प्रश्न १० मधली भीती इथे मात्र खरी ठरते.

उपाय म्हणजे मध्ये एक एनपीएन. पिन बीसी ५४७ ला चालवते, त्याचा कलेक्टर २.२ के मधून पीएनपीच्या बेसला, आणि पीएनपीच्या बेस-एमिटरमध्ये १० के. पिन हाय झाली की दोन्ही चालू, लो झाली की दोन्ही बंद. बीसी ५५७ चालेल, पण १०० मिलिअँपिअरची मर्यादा त्यालाही आहे. पट्टी मोठी असेल तर पीएनपीच्या जागी पी-चॅनल मॉस्फेट.

पण आधी स्वतःला विचारा, प्लसच्या बाजूने तोडायची खरंच गरज आहे का? मोटरसायकलवर असते, कारण तिथे सांगाडाच मायनस असतो. कॉमन कॅथोड (सगळ्या एलईडींचे मायनस आतच एकत्र असलेल्या) डिस्प्लेला असते. मखराच्या पट्टीला नसते.

१६. एका ट्रान्झिस्टरवर खूप एलईडी लावायचे आहेत. सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर चालेल का?

एलईडी समांतर असतील तर नाही. दोन एलईडींचं व्होल्टेज कधीच तंतोतंत सारखं नसतं. ज्याचं थोडं कमी, तो जास्त करंट ओढतो, जास्त तापतो, तापल्यावर त्याचं व्होल्टेज आणखी घसरतं आणि तो आणखी ओढतो. प्रत्येकाला स्वतंत्र रेझिस्टर द्या.

१२ व्होल्ट हाताशी असतील तर एकामागे एक जोडा. पांढरे तीन, किंवा लाल पाच, आणि त्या माळेला एक रेझिस्टर. तीन पांढऱ्यांना एकाच १५ मिलिअँपिअरमध्ये तिप्पट उजेड मिळतो. बाजारातली १२ व्होल्टची पट्टी तीन-तीन एलईडींवरच कापता येते ती म्हणूनच. अशा माळा समांतर लावत गेलात की ट्रान्झिस्टरवर करंटची बेरीज होते, एलईडींची नाही.

१७. पीडब्ल्यूएमने (पिन झपाट्याने चालू-बंद करून) उजेड कमी केला तर ट्रान्झिस्टर अर्धवट चालू राहतो का? तुम्हीच म्हणता अर्धवट नको.

नाही. तो पूर्ण चालू आणि पूर्ण बंद असाच होत राहतो, फक्त झपाट्याने. युनोवर बहुतेक पिनांना सेकंदाला ४९० वेळा, पाच आणि सहा नंबरच्या पिनांना ९८०. डोळा सरासरी बघतो. सॅच्युरेशनमधून बाहेर यायला ट्रान्झिस्टरला थोडा उशीर लागतो, पण तो मायक्रोसेकंदांत आणि एक फेरी २००० मायक्रोसेकंदांची.

मोबाइलवर चित्रण करताना पट्टे दिसतात ते या चालू-बंदचेच. आणि analogWrite ला २५५ पैकी १२८ दिल्यावर उजेड ‘अर्धा’ वाटत नाही, कारण डोळ्याची मोजपट्टी सरळ रेषेत नसते. मंदावत नेण्याच्या कोडमध्ये खालच्या बाजूला बारीक पायऱ्या ठेवा.

१८. एलडीआर (उजेडात रोध कमी होणारा रेझिस्टर) लावून अंधार पडताच लागणारा दिवा केला. संध्याकाळी हळूहळू लागतो आणि ट्रान्झिस्टर तापतो.

अंधार हळूहळू पडतो, म्हणून बेसही हळूहळू वर येतो. संध्याकाळचा अर्धा तास ट्रान्झिस्टर नेमका नको त्या अवस्थेत असतो. शिवाय अशा सर्किटात बेसला ४७ के लावलेला असेल तर १२ व्होल्टवरून त्याच्यामधून बेसला फार तर ०.२४ मिलिअँपिअर मिळतात, त्यावर पूर्ण अंधारातही ८० मिलिअँपिअरचा स्विच नीट चालू होत नाही. मध्ये एलएम ३९३ सारखा कंपॅरेटर (दोन व्होल्टेजांची तुलना करणारी चिप) घाला, त्याला थोडा पॉझिटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा अंश परत इनपुटला) द्या, म्हणजे ‘लाग’ आणि ‘वीझ’ यांच्या पातळ्या वेगळ्या होतील. त्याच्या आउटपुटला पुल-अप रेझिस्टर (आउटपुट ते प्लस) लागतो, तो विसरू नका.

दिव्याचा उजेड एलडीआरवरच पडत असेल तर दिवा लागतो-विझतो असा खेळ सुरू होतो. एलडीआरवर काळ्या नळीचा तुकडा चढवा.

१९. रिलेला लावतात तसा डायोड एलईडीलाही लावायचा का?

नाही. तो कॉइलसाठी असतो.

२०. सात-आठ ओळी चालवायच्या आहेत. प्रत्येकीला ट्रान्झिस्टर लावण्यापेक्षा सोपं काही?

यूएलएन २००३. एका चिपमध्ये सात डार्लिंग्टन, बेसचे रेझिस्टर आतच. यूएलएन २८०३ मध्ये आठ. एका ओळीची मर्यादा ५०० मिलिअँपिअर, पण सातही एकदम तेवढ्यावर चालवता येत नाहीत, चिप तापते. पूर्ण चालू असताना एक व्होल्टच्या आसपास पडतो, तेव्हा प्रश्न ४ च्या गणितात ०.२ ऐवजी १ घाला. ती फक्त मायनसच्या बाजूने तोडते, कॉमन कॅथोडला उपयोग नाही.

२१. तीन तारांची रंग बदलणारी पट्टी, डब्ल्यूएस २८१२, हिला कोणता ट्रान्झिस्टर?

कोणताच नाही. प्रत्येक एलईडीच्या आत स्वतःचा नियंत्रक असतो, पिनवरून फक्त डेटा जातो. वापरात नसताना तिचा सप्लायच तोडायचा असेल तर प्लसच्या बाजूने तोडा. मायनस तोडला आणि डेटाची तार जोडलेली राहिली, तर पट्टी त्या तारेतून करंटची वाट शोधते आणि पहिला एलईडी किंवा पिन बळी पडते. चार तारांची साधी आरजीबी पट्टी वेगळी: एक तार प्लस, बाकी तीन तारांना तीन मॉस्फेट.

२२. १ वॉटचा एलईडी बीडी १३९ ने चालू-बंद केला तर?

स्विच म्हणून चालेल. १ वॉटचा एलईडी साधारण ३५० मिलिअँपिअर घेतो. पण करंटवर नियंत्रण ठेवायला तिथे रेझिस्टर ठेवलात तर तोच खूप तापेल आणि एलईडी गरम होईल तसा करंट वाढत जाईल. स्थिर करंट देणारा तयार ड्रायव्हर घ्या, बहुतेकांना चालू-बंदची वेगळी पिन असते, बीसी ५४७ तिला लावा. एलईडीला ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवायला विसरू नका.

२३. घरातला २३० व्होल्टचा एलईडी बल्ब असाच ट्रान्झिस्टरने चालू-बंद करता येईल ना?

नाही. इथली प्रत्येक जोडणी २४ व्होल्टपर्यंतच्या डीसीसाठी आहे. बीसी ५४७ ४५ व्होल्टचा, आणि २३० व्होल्टच्या एसीचं टोक ३२५ व्होल्टपर्यंत जातं. शिवाय आर्डुइनोचा ग्राउंड मेन्सला जोडला जाईल, म्हणजे लॅपटॉपचा यूएसबी धरणारा हात थेट विजेवर. त्यासाठी बंद डबीतला रिले मॉड्यूल किंवा सॉलिड स्टेट रिले असतो, आणि मेन्सकडची जोडणी वायरमनकडून करून घ्या.